गाढवं शोधायला निघालेला माणूस

परवा साहेबांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं की मॅडम ते जुन्या रजिस्टरचं काम थांबवा, नवीन सिस्टीम येतेय आणि त्यात जुना डेटा घेणारच नाहीयेत. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. आणि मी ८ महिने रोज तेच करत होते, एकेक नोंद वाचायची, कॉम्प्युटरवर टाकायची, शाई पुसट झालेली असली की मोबाईलचा टॉर्च मारून वाचायचं, नाव लागत नसेल तर मागची पुढची पानं उलटून ताळा करायचा, मान आखडून जायची पण चुकीची नोंद जाऊ नये म्हणून परत तपासायचं. जागेवर येऊन बसले आणि नुसती स्क्रीनकडे बघत राहिले. रडू पण येईना.

घरी आले तर सासूबाईंनी दारातच विचारलं, आज वार कोणता? सांगितलं. चपला काढेपर्यंत परत, आज वार कोणता? त्यांना आता लक्षात राहत नाही, त्यांचा काही दोष नाही, मला सगळं कळतं, पण त्या दिवशी असं वाटलं की माझं अख्खं आयुष्यच असं झालंय, पाटीवर लिहायचं आणि कोणीतरी लगेच पुसून टाकायचं. रात्री प्रार्थनेला बसले तेव्हा शब्दच नव्हते. एवढंच म्हटलं, प्रभू, तुला माझ्याकडून हेच हवं होतं का?

उत्तर वगैरे काही ऐकू आलं नाही, खोटं कशाला सांगू. पण रोजच्या वाचनात त्या आठवड्यात बायबलमधलं शमुवेलाचं पुस्तक चालू होतं, आणि शौलाच्या गाढवांची गोष्ट आली, तोच शौल जो पुढे इस्राएलचा पहिला राजा झाला. लहानपणापासून संडेस्कूलमध्ये ऐकलेली, पण या वेळी मी तिथेच अडकले.

गोष्ट साधी आहे. शौलाचा बाप कीश, त्याची गाढवं हरवतात, तो मुलाला म्हणतो एका चाकराला बरोबर घे आणि शोधून आण. शौल निघतो. एफ्राइमचा डोंगराळ भाग झाला, शलीशा झालं, शालीम झालं, बन्यामिनांचा प्रदेश झाला, गाढवं कुठेच नाहीत. सूफ प्रांतात पोचेपर्यंत पिशवीतली भाकरी संपलेली, गाढवं हरवून ३ दिवस झालेले, आणि शौल चाकराला म्हणतो चल परत जाऊ, नाहीतर बाबा गाढवांचं सोडून आपलीच काळजी करत बसतील. किती ओळखीचं वाक्य आहे हे! कंटाळलेला, थकलेला, रिकाम्या हाताने घरी जायला निघालेला माणूस.

आणि शास्त्र तिथे हळूच सांगतं की आदल्याच दिवशी देवाने शमुवेलाला, म्हणजे देवाचा संदेश सांगणाऱ्या द्रष्ट्याला, सांगून ठेवलं होतं, उद्या या वेळेला मी एक माणूस तुझ्याकडे पाठवीन. मी पाठवीन!! शौलाला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, मला बाबांनी पाठवलंय, गाढवांसाठी. दोन्ही खरं होतं. एकाच चालण्यात दोन पाठवणी होत्या, आणि त्याला फक्त एकच माहीत होती.

अजून एक गोष्ट, जी मला आधी कधी दिसलीच नव्हती. गाढवं शौलाला सापडलीच नाहीत. ती त्याच्याशिवाय सापडली, त्याला नुसती बातमी मिळाली. म्हणजे ज्या कामासाठी तो निघाला होता त्या कामाचा हिशेब केला तर ते ३ दिवस पूर्ण वाया, माझ्या ८ महिन्यांसारखेच. तरी ते चालणं देवाच्या हिशेबात होतं, त्याच वाटेवर शमुवेलाने त्याला राजा म्हणून अभिषेक केला. (राजा झाल्यावर शौलाने देवाचं ऐकलं नाही आणि त्याचं बिघडलं, तो वेगळा विषय.)

आणि तो चाकर! द्रष्ट्याकडे जाऊया हे सुचवलं त्याने, त्याला भेट द्यायला पाव शेकेल (तेव्हाचं वजन) चांदी होती त्याच्याजवळ. त्याचं नाव पण कुठे लिहिलेलं नाही. त्याला राज्य मिळालं नाही, अभिषेकाच्या वेळी तर त्याला पुढे चालायला सांगितलं. मला वाटतं आपल्यातले बहुतेक जण शौल नसतो, तो चाकर असतो.

म्हणूनच मला ते नेहमीचं सांत्वन पटत नाही, की बघ, आज जे निरर्थक वाटतंय त्याचं उद्या काहीतरी मोठं फळ दिसेल. दिसेलही कदाचित. मोशेला दिसलं, फारोच्या, म्हणजे मिसरच्या (इजिप्तच्या) राजाच्या, घरात वाढलेला माणूस ४० वर्षं मिद्यानात मेंढरं राखत होता, तीही स्वतःची नाही, सासऱ्याची, आणि ज्या होरेब डोंगराकडे तो कळप घेऊन गेला तिथेच पुढे मिसरातून सुटलेल्या सगळ्या इस्राएली लोकांना घेऊन आला. पण प्रत्येकाला असं उलगडून दाखवलं जात नाही, आणि उलगडा झाला तरच विश्वास ठेवीन असं म्हटलं तर तो विश्वास कसला, ती तर सौदेबाजी झाली.

माझा भरवसा दुसऱ्या गोष्टीवर आहे. येशू साधारण ३० वर्षांचा होईपर्यंत काय करत होता याबद्दल शुभवर्तमानात, म्हणजे त्याच्या जीवनाच्या पुस्तकांत, जवळजवळ काहीच नाही. जन्माच्या वेळच्या गोष्टी आणि बारा वर्षांचा असतानाचा तो मंदिरातला प्रसंग सोडला तर सगळं शांत. गावचे लोक त्याला सुतार म्हणून ओळखत होते. म्हणजे लाकूड तासणं, मोजमाप घेणं, दुरुस्त्या, तेच ते, वर्षानुवर्षं. आणि बाप्तिस्म्याच्या वेळी आकाशातून वाणी आली की तुझ्याविषयी मी संतुष्ट आहे, तेव्हा अजून एकही चमत्कार झालेला नव्हता, एकही आजारी बरा झालेला नव्हता. पित्याचा तो संतोष त्या न लिहिलेल्या वर्षांवर पण होता असं मी मानते. मनापासून मानते. त्याचा पुत्र लाकूड तासत होता तेव्हा पित्याची नजर दुसरीकडे नव्हती, मग मी टॉर्च मारून पुसट अक्षरं वाचत होते तेव्हा तरी का असेल?

येशू काना नावाच्या गावी एका लग्नाला गेला होता, तिथले चाकर पण मला फार जवळचे वाटतात. द्राक्षारस संपलाय आणि येशूने त्यांना सांगितलंय काय, तर रांजणात पाणी भरा. ६ दगडी रांजण, एकेकात साधारण ८० ते १२० लिटर मावणारे, म्हणजे सगळं मिळून पाचशे लिटरच्या आसपास किंवा जास्तच पाणी, हाताने वाहून, आणि तेही कशासाठी हे कोणी सांगितलेलं नाही. ते अर्धे भरून थांबले नाहीत, काठोकाठ भरले. त्याच पाण्याचा द्राक्षारस झाला. मेजवानीच्या कारभाऱ्याला तो कुठून आला ते कळलं नाही, पण पाणी काढणाऱ्या चाकरांना माहीत होतं असं योहान मुद्दाम लिहितो.

आता एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण आपल्या मंडळ्यांमध्ये (चर्चमध्ये) हे होताना मी पाहिलंय. देवाची योजना आहे, सहन कर, असं दुसऱ्याला सांगून गप्प बसवू नका. विशेषतः घरातल्या बायकांना आणि हाताखालच्या माणसांना. मिसरात इस्राएलांना विटा पाडायला लावलं, वर पेंढा द्यायचा बंद केला आणि विटांची संख्या मात्र तीच ठेवली, तेव्हा देवाने त्यांना निमूटपणे विटा पाडा असं नाही सांगितलं, त्याने त्यांचं कण्हणं ऐकलं आणि त्यांना बाहेर काढलं. मी पण दुसऱ्या दिवशी साहेबांना जाऊन विचारलं की हा निर्णय आधी सांगता आला नसता का? त्यांच्याकडे धड उत्तर नव्हतं. पण विचारायला हवं होतं, ते विचारलं. भरवसा ठेवणं आणि तोंड बंद ठेवणं यात फरक आहे.

त्या ८ महिन्यांचं काय झालं ते मला आजही माहीत नाही. आता ती सगळी रजिस्टर्स गठ्ठे बांधून गोडाऊनला पाठवायची आहेत आणि लेबलं लिहायचं काम माझ्याकडेच आलंय. काल ३४ गठ्ठे झाले. अक्षर नीट काढतेय, घाई करत नाही, आणि एकेक गठ्ठा बांधताना मनात म्हणते, प्रभू, हे तुझ्या समोर आहे. काही वेळा ते मनापासून निघतं, काही वेळा नुसती सवय असते, तरी म्हणते.

हे लिहीत असताना सासूबाईंनी तीन वेळा हाक मारली. पहिल्या दोन वेळा इथूनच ओरडून सांगितलं. तिसऱ्या वेळी मोबाईल बाजूला ठेवला, जाऊन त्यांच्या शेजारी बसले, हात हातात घेतला आणि सांगितलं, आज गुरुवार आहे, आई. त्या हसल्या आणि म्हणाल्या, हो का, मग उद्या शुक्रवार.