गोवरीच्या धुराने दमा जात नाही

"पंपाची सवय लागते, तो बंद करा. दारे-खिडक्या लावून गोवरीच्या निखाऱ्यावर कापूर, गुग्गुळ आणि कडुलिंबाचा पाला जाळा. ९४ टक्के जंतू मरतात हे शास्त्रज्ञांनी सिद्ध केले आहे. खोलीत स्नेक प्लांट ठेवा, महिन्यात दमा जाईल." हा संदेश औशाला माझ्या आत्यापर्यंत पोहोचला आणि तिने तीन संध्याकाळ तो तंतोतंत पाळला. चौथ्या पहाटे तिला एक वाक्य सलग बोलता येईना, तेव्हा तातडीने लातूरला हलवावे लागले.

९४ टक्क्यांचा आकडा खोटा नाही, एवढे मान्य करावे लागते. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेतील संशोधकांनी बंद खोलीत तासभर हवनसामग्रीचा धूर केला, तेव्हा हवेतील जिवाणू ९४ टक्क्यांहून अधिक घटल्याचे त्यांच्या २००७ सालच्या शोधनिबंधात नोंदलेले आहे. परंतु त्यांनी मोजले ते जिवाणू, दम्याच्या रुग्णाचा श्वास नव्हे. दम्यात श्वासनलिकांचे अस्तर सुजलेले असते आणि धूर, धूळ किंवा बुरशी लागली की त्या नलिका आवळतात. गोवरीच्या धुरातील अडीच मायक्रोमीटरहून बारीक कण नाकात अडकत नाहीत, ते फुप्फुसात खोलवर जातात. आणि हा संदेश तर धूर बाहेर जाण्याची वाटही बंद करायला सांगतो. चुलीपुढे खोकणाऱ्या आया-आज्या आपण पाहिल्या आहेत. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली ती बायकांची याच धुरातून सुटका व्हावी म्हणून, आणि तोच धूर आता औषध म्हणून पुन्हा घरात आणला जात आहे, याचा मला संताप येतो. देवापुढे निरांजन लावण्यास कोणाचीच हरकत नाही. दम्याच्या माणसाला धुरात कोंडण्यास आहे.

पंपाची सवय लागत नाही. रोजच्या पंपातील स्टेरॉइडची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते आणि ते सूज उतरवते; बरे वाटले म्हणून मनाने बंद केले की सूज परतते, त्यालाच लोक सवय म्हणतात.

झाडाबद्दल थोडक्यात: अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये कुंडीतील झाडे घरातली हवा किती शुद्ध करतात याचे जुने प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा इमारतीत एरवीच जी हवा खेळते तिच्या बरोबरीला येण्यासाठी दर चौरस मीटरला १० ते १००० झाडे लागतील असे दिसले.

आपल्या घरांत खरोखर काय असते, याचा संदेशात उल्लेखच नाही. आत्याच्या खाटेलगत भाव वाढण्याची वाट पाहत सोयाबीनच्या पोत्यांची थप्पी होती आणि रात्रभर डासांची कॉइल जळत असे. बार्सिलोना बंदरात १९८० च्या दशकात सोयाबीन उतरवताना उडालेल्या धुळीने शहरात दम्याच्या झटक्यांच्या लाटा आल्या होत्या. कोठारांना फिल्टर बसवल्यावर त्या थांबल्या. कित्येक घरांत तर कापूसही माणसांच्याच खोलीत भरलेला असतो, आणि उन्हाळ्यात जुन्या कूलरच्या ओल्या गवतात बुरशी धरते.

आता थप्पी मागच्या खोलीत गेली आहे, कॉइलऐवजी मच्छरदाणी लागते, झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसतात, आणि आत्या सकाळ-संध्याकाळ पंप घेऊन चूळ भरते.