अ‍ॅप तीळ तपासेल, पण मोजे कोण काढायला लावणार?

सध्या एक दावा जोरात फिरतोय: ‘त्वचेचा कॅन्सर फोनमधलं अ‍ॅपही तज्ज्ञाइतकाच अचूक ओळखतं, धोकादायक तीळ ओळखायचा चार खुणांचा एबीसीडी नियम तर कुणालाही पाठ होतो, मग वैद्यकीय विद्यार्थ्यांचा वेळ त्यात कशाला घालवायचा?’

पहिला मुद्दा अचूकतेचा. आधार दिला जातो तो स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या २०१७ च्या अभ्यासाचा. अभ्यास खरा आहे, संगणकाने २१ त्वचारोगतज्ज्ञांची बरोबरी केली हेही खरं. पण त्यांच्यासमोर ठेवले होते बायोप्सीने निदान पक्कं झालेले, निवडून घेतलेले फोटो. पुढे संशोधकांनीच सांगितलं की फोटोत मोजपट्टी असली की त्यांची प्रणाली कॅन्सरकडे झुकायची, कारण डॉक्टर संशयास्पद डागाशेजारीच पट्टी ठेवतात! शिवाय अ‍ॅप दाखवलेलाच डाग बघतं. खोकल्यासाठी आलेल्या माणसाच्या पाठीला स्टेथोस्कोप लावताना शेजारचा विचित्र तीळ दिसला पाहिजे तो डॉक्टरला. बाकीच्या तिळांत न बसणारा, वेगळाच दिसणारा तीळ हेरायची ही नजर शेकडो उदाहरणं बघून, चुकून, लगेच दुरुस्त होऊनच तयार होते.

एबीसीडी नियम १९८५ चा. तीळ दोन्ही बाजूंनी सारखा नसणं, कडा वेड्यावाकड्या असणं, रंग अनेक असणं, व्यास ६ मिलिमीटरहून जास्त असणं. बदलत जाणं हा पाचवा निकष २००४ मध्ये जोडला गेला. पाठांतर सोपं आहे, मान्य. पण नोड्यूलर मेलानोमा, म्हणजे गाठीसारखा वाढणारा त्वचेचा घातक कॅन्सर, गोल, एकरंगी, नीटस कडेचा असू शकतो, कधी चक्क गुलाबी. नियम घोकलेला विद्यार्थी त्याला ‘साधी पुळी’ म्हणून घरी पाठवेल. तिथे विचारायचं असतं: उंचवटा आहे का, हाताला घट्ट लागतो का, आठवड्यागणिक वाढतोय का? हाताला काय लागतं हे फोटोतून कसं कळणार?

याच दाव्याला जोडून ‘सावळ्या लोकांना हा कॅन्सर होतच नाही’ हेही येतं. कमी होतो, होत नाही असं नाही. झाला की बऱ्याचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली. जमैकाचा गायक बॉब मार्ली याच्या पायाच्या बोटाला झालेला मेलानोमा आधी फुटबॉलची दुखापत वाटला होता. १९८१ मध्ये, ३६ व्या वर्षी तो गेला. नखातली काळी रेघ मुळाशी कातडीवर उतरली असेल, तर ‘मार लागला असेल’ म्हणून सोडायची नसते. तपासताना मोजे काढायला लावणं हेही शिकवावंच लागतं, आणि सावळ्या त्वचेवरचे नमुने दाखवून शिकवावं लागतं.