नियती कसली, ढग होते!

"रिंगणात कुणी हरवू शकलं नाही, शेवटी नियतीने हरवलं." हेवीवेट बॉक्सिंगचा जगज्जेता रॉकी मार्सियानो याच्यावरच्या लेखातलं हे वाक्य वाचायला झकास, पण पटलं नाही. ४९ पैकी ४९ लढती जिंकून १९५६ मध्ये निवृत्त झालेला हा गडी ३१ ऑगस्ट १९६९ च्या रात्री अमेरिकेतल्या आयोवात छोट्या सेस्ना विमानात बसला होता; ते कोसळलं आणि तो गेला. हवा खराब, आणि वैमानिकाकडे नुसत्या उपकरणांच्या भरवशावर उडायची परवानगीच नव्हती! दुसऱ्या दिवशी ४६वा वाढदिवस होता, म्हणून सगळे नियती नियती करतात.

आम्ही जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याकडचे. जुलै २०२१ मध्ये वर्डी शिवाराकडे सातपुड्यात शिकाऊ विमान पडलं, प्रशिक्षक गेले. जखमी शिकाऊ पायलटला आदिवासींनी साडीची झोळी करून डोंगरातून खाली आणलं. पावसाळ्यात ढग उतरले की इथे आधी डोंगर जातो, मग टेकडी, मग आपल्याच कपाशीचा पलीकडचा बांध. आमचे आबा अशा दिवशी फवारणीचा पंपसुद्धा पाठीला लावू देत नसत. मार्सियानोच्या वैमानिकाकडे नसलेल्या त्या परवान्याची एक ओळ लेखात हवीच होती.