‘साधी थार घ्या, बाकीचं बाहेर करू’: या सल्ल्याचा समाचार

व्हॉट्सअ‍ॅपवर सध्या एक मजकूर जोरात फिरतोय. गोषवारा असा: कंपनीकडून सगळं बसवून आलेली फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनचा जोर मिळणारी गाडी) घेणं म्हणजे पैसे उधळणं. त्यापेक्षा रिअर व्हील ड्राइव्हची, म्हणजे फक्त मागची चाकं फिरवणारी, महिंद्राची थार घ्या आणि वाचलेल्या पैशांत लिफ्ट किट (गाडी उंच करणाऱ्या स्प्रिंग), ३३ इंची टायर, स्नॉर्केल (इंजिनला वरून हवा देणारी नळी), विंच (अडकलेली गाडी ओढणारी मोटर), लॉकर (डावं-उजवं चाक एकत्र फिरायला लावणारं कुलूप) असं सगळं बाहेरून बसवून घ्या. अशी गाडी कंपनीच्या गाडीला पाणी पाजते. वॉरंटी, विमा, आरटीओ ही सगळी घाबरवायची कारणं. सोबत चिखल उडवत सुटलेल्या गाडीचा एक व्हिडिओ. तिला पुढून कोणी दोरीने ओढतंय का, हे मात्र नेमकं फ्रेमच्या बाहेर.

लिहिणारा अगदीच अडाणी नाही, फक्त जुन्या काळात अडकलाय. जिप्सी १९८५ मध्ये आली आणि शेवटपर्यंत लीफ स्प्रिंग आणि साध्या, लॉक न होणाऱ्या डिफरेन्शियलवरच (डाव्या-उजव्या चाकांत जोर वाटणारा गिअरचा गोळा) राहिली. महिंद्राच्या एमएम ५४० सारख्या जीपांचीही तीच गत. तेव्हा लॉकर हवा असेल तर बाहेरून आणण्यावाचून गत्यंतरच नव्हतं, आणि त्या पिढीतल्या फिटर लोकांनी कमाल गाड्या बनवल्या. पण २०१५ मध्ये जुन्या थारला मागच्या अ‍ॅक्सलवर आपोआप लॉक होणारं डिफरेन्शियल कंपनीकडूनच मिळायला लागलं. आज फोर्सच्या गुरखाला पुढे आणि मागे दोन्हीकडे लॉक कारखान्यातूनच येतात. २०२४ मध्ये आलेल्या थार रॉक्सच्या फोर बाय फोरला मागे बटणावर चालणारा लॉक आहे. जिप्सीच्या काळातला सल्ला या गाड्यांना चिकटवला की काय होतं, ते एकेक मुद्दा घेऊन बघू.

‘मागे लॉकर टाकला की टू व्हील ड्राइव्हही फोर बाय फोरचं काम करते.’

सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात, म्हणून इथे जरा थांबू.

जानेवारी २०२३ मध्ये रिअर व्हील थार आली, ती काही फोर बाय फोरचा दांडा काढून टाकलेली थार नव्हे. तिच्यात ट्रान्सफर केस (पुढच्या आणि मागच्या चाकांत जोर वाटणारा गिअरचा डबा) नाही, पुढचा प्रोपेलर शाफ्ट नाही, पुढचं डिफरेन्शियल नाही, पुढच्या चाकांना फिरवणारे ड्राइव्ह शाफ्ट नाहीत. डिझेलमध्ये इंजिनही वेगळं आहे: २.२ लिटरच्या जागी १.५ लिटरचं. कागदावर टॉर्क (फिरवण्याचा जोर) दोन्हीचा ३०० न्यूटन मीटर, त्यामुळे शोरूममधला सेल्समन ‘फरक नाही’ म्हणतो. फरक आहे तो लो रेंजमध्ये, म्हणजे वेग कमी करून जोर वाढवणाऱ्या जादा गिअरमध्ये; तो ट्रान्सफर केसमध्ये असतो, म्हणून रिअर व्हीलमध्ये नाही. फोर बाय फोर थारमध्ये फोर लो टाकलं की पहिला गिअर साधारण अडीच पट खाली येतो. गाडी चालत्या माणसाच्या वेगाने चढते आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ब्रेकला पाय न लावता तितक्याच सावकाश उतरते. पावसात भिजलेल्या जांभ्याच्या उतारावर ब्रेक दाबून चाक घसरवलेला माणूस याची किंमत सांगेल. ही चीज बाजारात सुटी आणून बसवणं म्हणजे दुसऱ्या थारचं अर्धं पोट काढून या थारमध्ये घालणं.

आता लॉकर. साधं डिफरेन्शियल दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क देतं. एक चाक हवेत गेलं की त्याला फिरायला जवळपास काहीच लागत नाही, म्हणून जमिनीवरच्या चाकालाही जवळपास काहीच मिळत नाही. लॉकर ही अडचण सोडवतो, पण फक्त ज्या अ‍ॅक्सलवर तो बसलाय तिथली. समोर फूटभर उंचीची दगडाची पायरी आहे असं धरा. फोर बाय फोरमध्ये पुढची चाकं स्वतः फिरतात आणि दगडावर चढतात. रिअर व्हीलमध्ये तीच चाकं दगडाला टेकून उभी राहतात आणि मागची चाकं त्यांना वर ढकलत बसतात. मागे लॉकर असला तर काय होईल? दोन्ही मागची चाकं मिळून जास्त मोठा खड्डा करतील.

पैशांचा हिशोबही उलटाच निघतो. आयात केलेला एक एअर लॉकर कॉम्प्रेसर, पाइप आणि मजुरी धरून लाखाच्या पुढे जातो, तोही एका अ‍ॅक्सलचा. याउलट रांजणगावात जुळणी होणाऱ्या जीप रँग्लरचं उदाहरण घ्या. एप्रिल २०२४ मध्ये नवी रँग्लर आली तेव्हा अनलिमिटेड या साध्या प्रकाराची एक्स-शोरूम किंमत ६७.६५ लाख होती, रुबिकॉन या वरच्या प्रकाराची ७१.६५ लाख. मधल्या चार लाखांत पुढे-मागे लॉक, २.७२ ऐवजी ४ पट लो रेंज आणि बटणावर सुटणारा स्वे बार (वळणावर गाडी कलू न देणारा दांडा). एवढ्या गोष्टी बाहेरून बसवायच्या तर चार लाख कुठल्या कुठे उडतील, आणि सगळं एकाच कंप्युटरच्या ताब्यात नसेल ते वेगळंच.

मारुतीच्या जिमनीवाल्यांचा मुद्दा मात्र मान्य. तिला कारखान्यातून लॉकर मिळतच नाही. घसरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून दुसऱ्याकडे जोर वळवायची इलेक्ट्रॉनिक सोय आहे. गाडी जेमतेम बाराशे किलोची असल्याने ती बऱ्याच ठिकाणी पुरते. पण चाक आधी घसरावं लागतं आणि लांबच्या चढावर ब्रेक तापतात. अशा गाडीला बाहेरचा लॉकर टाकणाऱ्याला कोण नावं ठेवील? कंपनीने पर्यायच दिला नाही.

‘दोन इंच लिफ्ट म्हणजे दोन इंच जास्त ग्राउंड क्लिअरन्स.’

पोटाखाली, हो. पण थारचा मागचा अ‍ॅक्सल अखंड आहे आणि त्याच्या मधोमध डिफरेन्शियलचा गोळा लटकतो. स्प्रिंग कितीही उंच करा, हा गोळा चाकांच्या मध्यालाच बांधलेला. तो एक मिलिमीटरही वर जात नाही. दगड नेमका तिथेच लागतो. त्याला वर उचलतो फक्त मोठा टायर.

टायरचं गणित कागदावर करून बघा. थारच्या २५५/६५ आर१८ टायरचा व्यास साधारण ७८९ मिलिमीटर. ३३ इंची म्हणजे ८३८. फरक ४९, त्यातला अर्धाच खाली उपयोगी पडतो, म्हणजे जेमतेम २५ मिलिमीटर. त्यासाठी काय मोजायचं? गिअरिंग सहा टक्क्यांनी उंच होतं, म्हणजे लो रेंज नसलेली गाडी आणखी ओढ हरवते. काटा ८० दाखवतो तेव्हा गाडी ८५ ने पळते. एबीएस आणि ईएसपी (चाकं घसरू न देणाऱ्या यंत्रणा) यांचं गणित मूळ व्यासावर बेतलेलं असतं. स्टेपनीही मोठी होते आणि ती लटकते मागच्या दाराच्या बिजागरीला. वर्षभराने दार किंचित उचलून लावावं लागायला लागलं की कारण शोधायला लांब जायला नको.

फोर बाय फोर थार लिफ्ट केली तर पुढच्या ड्राइव्ह शाफ्टचा कोन वाढतो आणि त्याचे रबरी बूट लवकर फाटतात. बूट फाटला, चिखल आत गेला की जॉइंट वाजायला लागतो. रिअर व्हील थारला हा त्रास नाही, हे कबूल करायला हवं. नसलेला शाफ्ट मोडत नाही.

‘स्नॉर्केल लावला की गाडी पाण्यात कुठेही जाते.’

या दाव्याला कंपन्यांचेच आकडे पुरेसे आहेत. गुरखाला कारखान्यातूनच हवा वरून घेणारा स्नॉर्केल येतो आणि कंपनी पाण्याची मर्यादा सांगते ७०० मिलिमीटर. थारला स्नॉर्केल नाही. तिची मर्यादा ६५०. फरक पाच सेंटिमीटरचा. स्नॉर्केल बोनेटच्या वर असूनही कंपनी पुढे जायला का धजावत नाही? कारण पाणी फक्त इंजिनच्या नाकातून शिरत नाही. अल्टरनेटर आहे, वायरिंगचे जोड आहेत, दारांची रबरं आहेत, आणि गाडी तरंगायला लागली की चाकांची पकडही जाते.

आणि डिफरेन्शियल आहे. घाट चढून आलेलं डिफरेन्शियल हाताला चटका लागेल इतकं तापलेलं असतं. ते ओढ्याच्या गार पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि ऑइल सीलच्या कडेने किंवा ब्रीदरमधून (हवा आत-बाहेर जायचं भोक) पाणी आत ओढलं जातं. बाहेरून काहीच कळत नाही. आठवड्याने फिटर खालचा प्लग उघडतो तेव्हा काळसर, चिकट गिअर ऑइल यायच्या ऐवजी पिवळट-पांढरं, कटिंग चहाच्या रंगाचं काहीतरी भांड्यात पडतं. तेवढ्यावर लक्ष गेलं तर बेअरिंग वाचतात. यावरचा उपाय स्नॉर्केल नव्हे. ब्रीदरला लांब पाइप जोडून तो इंजिनच्या खोलीत वर नेऊन बांधायचा. स्नॉर्केलच्या खर्चापुढे हा खर्च किरकोळ. पण पाइप बाहेरून दिसत नाही आणि फोटोत येत नाही, म्हणून तो मजकुरातही येत नाही.

त्यात फेंडरला भोक पाडताना सिलिकॉन नीट लागलं नाही, एअर फिल्टरच्या डब्याचा जोड सैल राहिला, तर पाणी तिथूनच आत येणार. मग तो स्नॉर्केल नुसता शोभेचा.

‘विंच आणि लोखंडी बंपर म्हणजे सुरक्षितता.’

विंच स्वतः चाळीसेक किलोचा, त्याला धरणारा लोखंडी बंपर वेगळा, आणि हा सगळा भार पुढच्या अ‍ॅक्सलच्याही पुढे. गाडीचं नाक खाली येतं, मग पुढच्या स्प्रिंग बदलायच्या, मग अलाइनमेंट. पूर्ण ताणावर विंच चारशे अँपिअरच्या आसपास करंट खेचतो. मूळ बॅटरीवर तो फार वेळ चालत नाही. सुरक्षिततेबद्दल सांगायचं तर थारला २०२० मध्ये ग्लोबल एनकॅप या धडक चाचणी घेणाऱ्या संस्थेचे चार तारे मिळाले ते कंपनीच्या मूळ नाकासह. धडक बसल्यावर ते नाक किती चुरगळतं, यावर एअरबॅग कधी उघडायची हे ठरलेलं असतं. त्याच्यापुढे लोखंडाची भिंत उभी केली की तो हिशोब कोणी तपासलेला नसतो.

‘आरटीओ काही करत नाही.’

बऱ्याचदा करत नाही, हे खरं. पण ‘पकडत नाहीत’ आणि ‘चालतं’ यात फरक आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवरच्या, कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल करायचा नाही. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हेच ठामपणे मांडलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२-अ आलं: परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. ‘प्रत्येक बदलामागे’ हे नीट वाचा आणि मजकुरातली यादी पुन्हा मोजा. बुल बारबद्दल (गाडीच्या पुढे लावायचा लोखंडी गार्ड) तर केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कारवाई करायला कळवलं होतं.

कारखान्यातून आलेला लॉक किंवा गुरखाचा स्नॉर्केल गाडीच्या मूळ मंजुरीतच असतो, त्यामुळे नाक्यावर हुज्जत घालावी लागत नाही. टायरही त्याच मॉडेलच्या दुसऱ्या प्रकाराला कंपनीने दिलेल्या आकाराचे असतील, तर बोलायला निदान आधार असतो.

‘वॉरंटी काय, संपतेच.’

संपते, पण संपेपर्यंत असते. एका बदलामुळे सगळी वॉरंटी जात नाही, हेही सांगायला हवं. वाद होतो तो संबंधित भागावर. सगळ्यात जास्त वाद वायरिंगवरून होतात. लाइटबारसाठी कुणीतरी कंपनीची वायर चाकूने सोलतो, तिच्याभोवती दुसरी तार पिळतो, वर काळी टेप गुंडाळतो. पहिल्या पावसाळ्यात टेप सुटते, जोड हिरवा पडतो आणि डॅशबोर्डवर भलताच दिवा लागतो. सर्व्हिस सेंटरवाल्याने ती टेप पाहिली की पुढचं संभाषण संपलं. विमा कंपनीला बदल कळवले नसतील तर दाव्याच्या वेळी सर्व्हेअर हीच टेप दाखवणार.

कंपन्यांचीही बाजू फार स्वच्छ नाही. रॉक्समध्ये पेट्रोल हवं आणि फोर बाय फोरही हवं, तर मिळत नाही. डिझेलच घ्या आणि वरच्या प्रकारांत या. ज्याला साध्या सीटची, पण दणकट ड्राइव्हट्रेनची गाडी हवी, त्याला नको असलेल्या सोयींचे पैसे मोजावे लागतात. या रागातूनच असे मजकूर जन्माला येतात आणि हा राग रास्त आहे. पण त्यावर लो रेंज नसलेली गाडी घेणं हा उपाय नाही. जुनी, नीट राखलेली फोर बाय फोर घेणं हा आहे.

मग बाहेरून काय घ्यायचं? जे झिजतं आणि जे बोल्टने काढता येतं, ते. मूळ टायर झिजले की त्याच आकाराचे ऑल टेरेन. पोटाखाली जाड पत्रा. टायरमधली हवा मोजायचं चांगलं गेज आणि छोटा कॉम्प्रेसर, कारण वाळूत हवा अठरा-वीस पीएसआयवर आणली की जो फरक पडतो तो महागड्या किटनेही पडत नाही, आणि परत डांबरावर येताना ती भरावी लागते. कायनेटिक दोरी (अडकलेली गाडी ओढायची, ताणली जाणारी दोरी), दोन शॅकल (ती अडकवायच्या कड्या). ही दोरी चासीला धरलेल्या, वजन सांगून दिलेल्या रिकव्हरी पॉइंटलाच लावायची. ट्रेलर ओढायच्या टो बॉलला कधीही नाही, कारण ताणाखाली तो बॉल तुटला की थेट ओढणाऱ्या गाडीच्या काचेतून आत येतो.