‘खुळ्यांचा खेळ’ म्हणणाऱ्या सरांना उत्तर : हँग ग्लायडिंगची पहिली वीस वर्षं

सर, नमस्कार.

तुमची कॉमेंट लांब आहे आणि त्यातला राग खरा आहे, म्हणून खाली दोन ओळी टाकून मोकळं व्हायच्याऐवजी वेगळी पोस्टच लिहितोय. ज्यांनी कॉमेंट वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी हँग ग्लायडिंगची, म्हणजे पंखाखाली टांगून घेऊन डोंगरावरून उडायच्या खेळाची, सुरुवात लिहिली होती, ऑस्ट्रेलियातल्या ग्राफ्टनपासून कॅलिफोर्नियाच्या टेकड्यांपर्यंत. त्यावर सरांचं म्हणणं असं की पंख शोधला रोगॅलोनी, नासाच्या इंजिनिअरनी, आणि मी श्रेय देऊन बसलो टीव्ही दुरुस्त करणाऱ्या जॉन डिकन्सनला. दुसरं म्हणजे ज्या खेळात सुरुवातीला एवढी माणसं मेली त्याला मी जबाबदार लोकांचा समाज कसा म्हणू शकतो, हा तर खुळ्यांचा खेळ. तिसरं, 1895 ला मुंबईत विमान उडवलं असं सांगतात त्या आपल्या तळपदेंचं नाव नाही. आणि शेवटी एक ओळ आहे की पुतण्या माझा लेख वाचून पाचगणीला उडायला जायचं म्हणतोय, जोतिबाच्या डोंगरावर नुसतं वारं लागलं तरी आईला फोन करणारं पोरगं ते, त्याची जबाबदारी कोण घेणार.

शेवटच्या ओळीसाठी तुम्ही बाकीचं सगळं लिहिलंय असं मला वाटतं, आणि ते बरोबरच आहे. तिथं येतोच, पण आधी बाकीचं, कारण पुतण्याला जे सांगायचंय ते त्यातूनच निघतं.

रोगॅलोंचं आधी. फ्रान्सिस रोगॅलो मोठा माणूस, त्यात वादच नाही. पण त्यांनी आणि त्यांच्या बायकोनं, गर्ट्रूडनं, 1948 ला तो लवचिक पंख केला तेव्हा नासा जन्मालाच आली नव्हती, तिच्या आधीची संस्था होती, आणि तिला त्या पंखात रस नव्हता म्हणून दोघांनी घरी, नोकरीबाहेरच्या वेळात, पंख्याच्या वाऱ्यावर प्रयोग केले. पहिला पंख गर्ट्रूडनं पडद्याच्या कापडातून शिवला. पेटंट मिळालं 1951 ला. मग अंतराळयान परत उतरवायला हा पंख वापरता येईल का म्हणून नासानं साठच्या दशकात बऱ्याच चाचण्या केल्या आणि शेवटी पॅराशूटच ठरलं. म्हणजे पंख होता, फोटो छापून आले होते, पण सामान्य माणसानं तो घेऊन उडायचं कसं हे जुळलं नव्हतं.

ते ग्राफ्टनच्या जॉन डिकन्सननं जुळवलं, 1963 ला. इलेक्ट्रॉनिक्सचं काम करणारा माणूस, गावातल्या वॉटर स्की क्लबला जॅकरांडा फेस्टिव्हलसाठी काहीतरी उडणारं पाहिजे होतं, यानं मासिकात रोगॅलो पंखाचा फोटो बघितलेला. लाकूड, अॅल्युमिनियमची नळी आणि कापड म्हणून केळीच्या घडाला घालतात ते प्लॅस्टिक. पण खरी गोष्ट खाली होती. माणूस झोपाळ्याच्या सीटवर टांगलेला आणि त्याच्या हातात पंखाला पक्की जोडलेली त्रिकोणी चौकट, दांडी ढकलली की अंग मागं, ओढली की पुढं, बाजूला सरकलं की पंख वळतो. कुठली गिअर नाही, केबल ओढायची नाही, माणसाचं वजन हेच स्टिअरिंग. सप्टेंबर 1963 मध्ये क्लॅरेन्स नदीवर बोटीमागं रॉड फुलर त्यावर उडाला. कॅलिफोर्नियात बॅरी पामर 1961 लाच रोगॅलो पंख घेऊन उतारावर पळत उडला होता, त्रिकोणी चौकटीचे प्रयोग त्याआधीही कुणी कुणी केले होते, हे मी मागच्या लेखात लिहिलंय. पण ऑस्ट्रेलियाच्याच बिल मॉयेस आणि बिल बेनेट यांनी जगभर फिरवलं ते डिकन्सनचं, आणि आज डोंगरावर जो ग्लायडर दिसतो त्याची मांडणी तीच. एफएआयनं, म्हणजे हवाई खेळांच्या जागतिक संघटनेनं, 2012 ला त्याला सोन्याचं पदक दिलं ते उगाच नाही.

आणि सर, टीव्ही दुरुस्त करणारा काय शोध लावणार हे दुसऱ्या गावच्या माणसानं म्हणलं असतं तर मी सोडून दिलं असतं. कोल्हापुरात बसून म्हणू नका. बाबूराव पेंटरांनी याच गावात खटपट करून स्वतःचा सिनेमा कॅमेरा तयार केला, त्यांना कुठल्या कॉलेजनं शिकवलं होतं? मी स्वतः उद्यमनगरात वर्कशॉप चालवतो, वस्तू उघडून बघून तिच्यापेक्षा बरी करणारी माणसं रोज बघतो. पुस्तकातलं तत्त्व आणि हातात धरायची दांडी यांच्यामध्ये जे काम असतं त्याला मी शोधच म्हणतो.

आता मरणाचं. इथं मी लांबड लावणार आहे.

तुम्ही म्हणता माणसं मेली. मेलीच. सत्तरच्या दशकात, विशेषतः अमेरिकेत, लई मेली. 23 मे 1971 ला, एकोणिसाव्या शतकात ग्लायडर उडवणाऱ्या जर्मन ओटो लिलिएंथालच्या 123 व्या जन्मदिवशी, कॅलिफोर्नियात न्यूपोर्ट बीचजवळ पोरं जमली, बांबू, प्लॅस्टिक, चिकटपट्टी असले ग्लायडर घेऊन, आणि काही सेकंद उडून गवतात पडली. तोपर्यंत ठीक होतं कारण सगळे म्हणायचे जेवढ्या उंचीवरून पडलं तर चालेल तेवढंच वर जायचं. पण मासिकांत फोटो आले, कारखाने निघाले, कुणीही पैसे देऊन पंख घ्यायचा आणि सरळ मोठ्या डोंगरावर जायचा. तेव्हा माणसं मरायला लागली, आणि नुसती नवशिकी नाही तर चांगली तयार माणसंसुद्धा.

का, हे तुम्ही फिजिक्स शिकवलंय म्हणून नीट सांगतो. जुन्या रोगॅलो पंखाचं कापड वाऱ्यानं फुगलेलं असेपर्यंतच तो पंख असतो. झुळकेनं किंवा पायलटच्या चुकीनं नाक फार खाली गेलं की वारा कापडाला वरून लागतो, कापड फडफडायला लागतं, आणि नाक परत वर उचलणारा जोरच संपतो. माणूस घाबरून दांडी पुढं ढकलतो, पण वजन सरकवून उपयोग कधी, तर पंखानं वजन उचलून धरलेलं असेल तेव्हा. पंखच वजन घेत नाही म्हणल्यावर तुम्ही हवेत कुठंही सरका, काही होत नाही. पंख सरळ खाली सूर मारतो तो जमिनीपर्यंत. उंची जितकी जास्त तितकं वाचायला सोपं हा विमानाचा नियम इथं लागू नव्हता.

हे कळलं कसं? कुठल्या सरकारी प्रयोगशाळेत नाही. 1971 ला दक्षिण कॅलिफोर्नियातल्या पोरांनी स्थानिक संघटना काढली होती, 1973 मध्ये तीच अमेरिकेची राष्ट्रीय संघटना झाली, आणि तिच्या मासिकात अपघातांचे अहवाल छापून यायला लागले. कोण पडला, वारा किती होता, पंख कुठला, कापड फडफडत होतं का, हे सगळं. हे काम करणारे रॉबर्ट विल्स पेशानं वकील. त्यांच्या मुलांनी, बॉब आणि ख्रिसनी, 1973 ला विल्स विंग ही ग्लायडरची कंपनी काढली, आणि बॉब, त्या काळातला सगळ्यात नावाजलेला पायलट, 1977 मध्ये जाहिरातीच्या शूटिंगवेळी हेलिकॉप्टरच्या वाऱ्यात सापडून गेला. ज्यांच्या घरातला मुलगा गेला त्या घरातला माणूस दुसऱ्यांच्या मरणाची कारणं लिहून काढत होता, आपल्याच खेळाच्या मासिकात, जिथं पानापानावर ग्लायडरच्या जाहिराती असायच्या. सर, याला मी खुळेपणा म्हणू शकत नाही. मला याच्याइतकं शहाणपण दुसऱ्या फार कमी ठिकाणी दिसलंय.

त्या नोंदींतून पुढचं सगळं आलं. पंखावर उभ्या असलेल्या खांबाच्या टोकापासून पंखाच्या मागच्या कडेला दोऱ्या बांधल्या, म्हणजे नाक कितीही खाली गेलं तरी मागची कड वर ओढलेली राहते आणि पंख आपोआप नाक उचलतो. एवढ्याशा दोऱ्या, आमच्या वर्कशॉपमधला पोरगा अर्ध्या दिवसात लावेल. पण त्यांनी किती जीव वाचवले असतील. मग उत्पादकांनीच संघटना करून चाचण्या ठरवल्या, पिकअप गाडीवर पंख बसवायचा, गाडी पळवायची आणि वेगवेगळ्या कोनात पंख नाक वर उचलतोय की खाली दाबतोय ते मोजायचं, जो पंख नापास त्याला सर्टिफिकेट नाही. सत्तरच्या उत्तरार्धात हातानं फेकायचं राखीव पॅराशूट आलं. पायलटच्या पायऱ्या ठरल्या, पहिली पायरी टेकडीच्या पायथ्याशी, वरच्या पायऱ्या डोंगरावर, आणि सही करणारा माणूस तुम्हाला उडताना बघून सही करणार. आपल्या गंगावेश तालमीत वस्ताद सांगेपर्यंत मोठ्या जोडीला हात लावायचा नाही, तसंच ते. ब्रिटननं 1974 मध्ये आपली संघटना काढली, तिथंही हाच रस्ता.

आणि सरकार काय करत होतं म्हणाल तर अमेरिकेच्या विमान खात्यानं 1974 मध्ये सुरक्षेच्या सूचनांचं एक पत्रक काढलं आणि बाकी लक्ष ठेवून राहिलं. 1982 ला नियम आला तेव्हाही हँग ग्लायडरला लायसन नाही, रजिस्ट्रेशन नाही, मुख्यतः कुठं आणि कधी उडायचं नाही ते सांगितलं. तोपर्यंत दहा वर्षं या लोकांनी स्वतःला वळण लावलं नसतं तर हा खेळ सरळ बंद झाला असता, आणि व्हायलाच पाहिजे होता. मागच्या लेखात ‘समाज’ हा शब्द मी याच अर्थानं वापरला आणि तो मी मागं घेत नाही.

मधल्या काळात खेळ कुठं गेला तेही बघा, जुना पंख एक मीटर उतरताना चारेक मीटर पुढं जायचा. 1976 ला ऑस्ट्रियात कोसेनला पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली, 1977 ला जेरी कॅट्झ कॅलिफोर्नियातल्या ओवेन्स व्हॅलीत शंभर मैलांच्या पुढं गेला, 1980 ला दोन्ही बाजूंनी कापड असलेला कॉमेट नावाचा ग्लायडर आला. पंख चांगला होत गेला आणि त्याच वर्षांत तो सुरक्षितही होत गेला.

तळपदेंबद्दल मला आदर आहे, त्या काळात मुंबईत बसून विमानाचा ध्यास घेणं लहान गोष्ट नाही. पण 1895 ला चौपाटीवर विमान उडालं याचा त्या वेळचा भक्कम पुरावा नाही, आणि ज्या ‘वैमानिकशास्त्र’ नावाच्या ग्रंथाशी ही कथा जोडतात त्यातली यानं उडू शकत नाहीत हे बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या प्राध्यापकांनी 1974 मध्ये आकडेमोड करून दाखवलंय. तीच वर्षं लिलिएंथालची बघा. जवळपास दोन हजार उड्डाणं, फोटो आहेत, मोजमापं छापलेली आहेत, ग्लायडर विकत दिले, 1896 च्या ऑगस्टमध्ये पडून गेला पण राइट बंधूंना त्याचे आकडे तपासता आले, कुठं चुकतात तेही काढता आलं. ज्याची नोंद तपासता येते त्याच्यावर मी लेख लिहिणार, मग तो जर्मन असो की कोल्हापूरचा.

आता पुतण्या.

पहिलं म्हणजे पाचगणीला तो ज्यात बसणार ते हँग ग्लायडर नाही, पॅराग्लायडर. त्यात नळ्यांची चौकट नसते, नुसतं कापड आणि दोऱ्या, 1978 ला फ्रान्समध्ये मिउसी गावात पॅराशूटवाल्यांनी डोंगरावरून पळत उडायला सुरुवात केली तिथून ते पसरलं. बॅगेत मावतं म्हणून आपल्याकडं कामशेत, पाचगणी, तिकडं हिमाचलात बीर-बिलिंग सगळीकडं तेच दिसतं. शिकायला सोपं, पण चौकट नसल्यामुळं खवळलेल्या हवेत कापडाची एक बाजू मिटू शकते. भर दुपारी ऊन तापून हवा उसळत असते तेव्हा नवख्यानं उडायचं नाही, सकाळी किंवा ऊन उतरल्यावर.

त्याला तिथल्या पायलटला एवढं विचारायला सांगा. तुम्ही किती वर्षं टँडम, म्हणजे दुसऱ्याला बरोबर घेऊन, उडवताय आणि तुमचं रेटिंग, म्हणजे पायलटची पायरी, कुणी दिलंय. राखीव पॅराशूट आहे का आणि शेवटचं कधी उघडून परत घडी घातलं. महाराष्ट्राचं 2021 चं साहसी पर्यटन धोरण आहे, त्याखाली नोंदणी आहे का. वारा वाढला तर पैसे परत देता का, की पुढच्या गिऱ्हाईकाची रांग आहे म्हणून उडवताच. आणि धावायला लागायच्या आधी, अगदी शेवटच्या मिनिटाला, पायाचे दोन्ही पट्टे आणि छातीचं बकल स्वतःच्या हातानं ओढून बघायचं, पायलटनं बघितलं असलं तरी. हँग ग्लायडिंगवाल्यांनी हे फार वाईट रीतीनं शिकलंय, पंखाला हूक न लावताच कड्यावरून पळालेली माणसं आहेत त्यांच्यात, अनुभवी माणसं. म्हणून आजही उडायच्या आधी एकजण पंखाचं नाक धरतो आणि पायलट खाली आडवा टांगून घेऊन बघतो, मगच पुढं. कुणी त्याला भित्रा म्हणत नाही.

जबाबदारी कोण घेणार म्हणालात. तो तुमचा पुतण्या आहे, मी लांबचा माणूस, पण लेख माझा आहे म्हणून नंबर तुम्हाला वेगळा पाठवलाय, जायच्या आधी त्यानं मला एकदा फोन करावा, बसून बोलू, उद्यमनगरात आला तर जुन्या पंखाचं छोटं मॉडेल आहे ते पंख्यासमोर धरून नाक कसं पडतं ते दाखवतो. आणि डोंगरावर कुणी त्याच्या प्रश्नांना वैतागला, किंवा हसला, तर वाद घालायचा नाही, उडायचं नाही, सरळ वाईला उतरून कोल्हापूरची एसटी धरायची.