क्यूएम/एमएम हा जुगाड नाही

सध्या एक लांबलचक पोस्ट बरीच फिरते आहे. तिचं म्हणणं असं: रेणूंच्या सिम्युलेशनमध्ये मोजके अणू क्वांटम नियमांनी (इलेक्ट्रॉनांचा हिशोब धरून) आणि उरलेले क्लासिकल नियमांनी (अणू म्हणजे भार असलेले गोळे, बंध म्हणजे स्प्रिंग असं मानून) हाताळणं, म्हणजे क्यूएम/एमएम, हा संगणक कमी पडतो म्हणून केलेला जुगाड आहे. त्यातला क्लासिकल भाग नुसता देखावा. क्वांटम भाग वाढवत गेलं की उत्तर सुधारत जातं, आणि क्वांटम संगणक आले की ही पद्धत मोडीत निघणार. मी रोज हेच काम करते, आणि यातलं एकेक विधान मला खटकलं.

आधी 'देखावा'. अंड्याच्या पांढऱ्या बलकातलं लायसोझाइम हे 129 अमिनो आम्लांचं प्रथिन जिवाणूंच्या भिंतीतली साखरेची साखळी तोडतं. तोडताना साखरेच्या एका कड्यावर धन भार येऊ लागतो. इतकी महागडी अवस्था एन्झाइमला परवडते कशी? कडं पिळून, ताणून, असं तेव्हा मानलं जायचं. एरिए वॉर्शेल आणि मायकल लेव्हिट यांनी 1976 मध्ये तुटणाऱ्या बंधाजवळचे अणू क्वांटम आणि बाकीचं प्रथिन व पाणी क्लासिकल धरून हिशोब मांडला. ताणाचा वाटा किरकोळ निघाला. खरा आधार विद्युतभारांचा होता, विशेषतः 52 व्या जागेवरच्या ॲस्पार्टेट या अमिनो आम्लाच्या ऋण भाराचा. निर्वातात हे दोन भार एकमेकांना भलतेच ओढतील. प्रथिन आणि पाणी ती ओढ किती कमी करतात हे धरलं, तरच आकडा खरा येतो. (2001 मध्ये हाच ॲस्पार्टेट साखरेशी काही काळ थेट बंध जोडतो याचाही प्रायोगिक पुरावा मिळाला, म्हणजे 1976 चं चित्र पूर्ण नव्हतं, हेही सांगायला हवं.)

शिवाय आज आपण टीआयपी३पी, म्हणजे पाण्याच्या रेणूचं एक प्रचलित क्लासिकल प्रारूप, वापरतो तेव्हा ऑक्सिजनवर −0.834 आणि प्रत्येक हायड्रोजनवर +0.417 भार असतो. हे भार थेट क्वांटम समीकरणात शिरतात आणि इलेक्ट्रॉनांचा ढग त्यांच्यामुळे सरकतो. देखाव्याने इलेक्ट्रॉन सरकत नाहीत.

खरी दुखरी जागा आहे ती क्वांटम आणि क्लासिकल भाग जोडणाऱ्या शिवणीची, आणि पोस्टमध्ये तिचा उल्लेखही नाही. सीमा एखाद्या बंधातून गेली की उघडं टोक हायड्रोजन लावून बंद करावं लागतं. साधा एकेरी कार्बन–कार्बन बंध कापला तर हे निभतं. मी सुरुवातीला एकदा पेप्टाइड बंधच, म्हणजे दोन अमिनो आम्लांना जोडणारा बंध, कापला होता. तिथले इलेक्ट्रॉन कार्बन, नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांच्यात वाटलेले असतात, त्यामुळे ऊर्जेचे आकडे भरकटले आणि चूक सापडेपर्यंत दोन आठवडे गेले. सीमा एक बंध पलीकडे नेल्यावर आकडे जागेवर आले.

'क्वांटम भाग वाढवा' यात तथ्य आहे, पण अर्धंच. कॅटेकॉल-ओ-मिथाइलट्रान्सफरेज या एन्झाइमवर 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काही गुणधर्म स्थिरावायला 500 च्या वर क्वांटम अणू लागले. पण त्याच अभ्यासात, अमिनो आम्लं नीट निवडली तर याहून बऱ्याच लहान भागात काम भागतं, हेही दिसलं. आणि वेळेचा हिशोब करा. सिम्युलेशनची एक पायरी 1 फेम्टोसेकंदाची (पिकोसेकंदाचा हजारावा भाग), म्हणजे 10 पिकोसेकंदांना 10,000 पायऱ्या. पायरीला एक मिनिट लागलं तर आठवडाभर. खर्च अणुसंख्येच्या घनाने वाढत असेल, तर दुप्पट अणूंना जवळपास 8 आठवडे. एवढ्या वेळात प्रथिनाच्या पुरेशा हालचाली पाहून होत नाहीत, आणि त्या न पाहता काढलेला अभिक्रियेचा ऊर्जेचा अडथळा एकाच फोटोवरून काढलेला असतो. खोलीच्या तापमानाला त्यात 1.4 किलोकॅलरी प्रति मोलची चूक झाली, तर अभिक्रियेचा वेग दहापट चुकतो.

राहिले क्वांटम संगणक. त्यांच्यासाठी नेहमी पुढे केलं जाणारं उदाहरण म्हणजे नायट्रोजिनेजमधला, हवेतल्या नायट्रोजनचा अमोनिया करणाऱ्या एन्झाइममधला, लोह-मॉलिब्डेनम गुच्छ: 7 लोह, 9 गंधक, 1 मॉलिब्डेनम, 1 कार्बन. पण तिथेही संगणकाला द्यायचे असतात ते गुच्छातले अवघड इलेक्ट्रॉन. भोवतीचे हजारो अणू आणि पाणी कुणीतरी वेगळ्या पद्धतीने हाताळायचंच असतं. हा गुच्छ एका टोकाला 275 व्या सिस्टीनने आणि दुसऱ्या टोकाला 442 व्या हिस्टिडीनने प्रथिनाला बांधलेला आहे. यंत्र कुठलंही असो, त्या दोन अमिनो आम्लांमध्ये सीमा नेमकी कुठून न्यायची, हे आधी ठरवावं लागेल.