माणाची सरस्वती गडप होत नाही, आणि ते पाणी बाळाला पाजू नका

आत्या चारधाम करून आली ती बद्रीनाथजवळच्या माणा गावातल्या भीमपुलाजवळचं, म्हणजे तिथल्या सरस्वती नदीचं, पाणी बाटलीत भरून घेऊन. परवा तिने ते न उकळता दोन वर्षांच्या नातवाला पाजलं. का, म्हणून विचारलं तर मोबाईल पुढे केला. मेसेज असा: माणा गावात सरस्वती जमिनीत गुप्त होते आणि थेट प्रयागच्या संगमात वर येते, हे विज्ञानाने सिद्ध झालंय, पाताळातून गाळून येतं म्हणून हे पाणी कायम शुद्ध असतं. आमच्या तीन ग्रुपांवर तो फिरतोय.

मुळात माणाला ती गुप्त होतच नाही. भीमपुलाखालच्या अरुंद घळीत कोसळते, नजरेआड होते, इतकंच. थोडं खाली केशवप्रयागला ती अलकनंदेला मिळते, ते उघड्या डोळ्यांनी दिसतं. अलकनंदा देवप्रयागला भागीरथीला मिळून गंगा होते, तेव्हा माणाचं पाणी प्रयागला पोचतं हे कबूल. पण जमिनीवरून.

विज्ञानाने सिद्ध केलं म्हणे. कोणी, कधी, एक अक्षर नाही. जमिनीत शिरून दूरवर पुन्हा वर येणाऱ्या नद्या जगात आहेत, पण त्यांना बहुतेक वेळा पाण्यात विरघळणारा चुनखडक लागतो. माणाच्या आसपास मुख्यतः नाइस आणि ग्रॅनाइट हे तसे न विरघळणारे कठीण खडक, तर प्रयागच्या खाली गंगेने आणलेला गाळ. रेती-मातीत नदीचा बोगदा टिकेल कसा? आणि धर्मग्रंथांचा आधार द्यायचा तर ऋग्वेदातलं नदीसूक्त सरस्वतीचं नाव यमुना आणि शुतुद्री, म्हणजे सतलज, यांच्यामध्ये घेतं. तिच्या लुप्त होण्याची जागा ग्रंथांत ‘विनशन’ आहे, तीही वाळवंटाकडची.

आता ‘गाळून शुद्ध’. माझा खरा राग यावर आहे. जर्मनीत डॅन्यूबचं पाणी इमेंडिंगेनजवळ पात्रातूनच चुनखडकात मुरतं आणि सुमारे १२ किलोमीटरवर आख नदीच्या उगमात वर येतं. ते तेच पाणी का, हे तपासायला १८७७ मध्ये आडोल्फ क्नोप या भूवैज्ञानिकाने वरच्या बाजूला २० टन मीठ, १० किलो हिरवा रंग आणि १२०० किलो शेल तेल (शेल नावाच्या खडकातून काढलेलं तेल) सोडलं. साठ तासांनी उगमात हिरवं चमकणारं, खारट, तेलाची चव असलेलं पाणी आलं. तिन्ही गोष्टी पार झाल्या! चुनखडकातल्या भेगा म्हणजे गाळणी नव्हे, नळ आहेत. वर घाण पडली तर ती खाली तशीच येते. खरोखर गुप्त होणाऱ्या नदीचं पाणीसुद्धा उकळूनच प्यायचं असतं.

आणि आत्याने बाटली भरली कुठे? भीमपुलापाशी. म्हणजे मेसेजच्याच म्हणण्यानुसार नदी जमिनीत जायच्या आधी! ते गाळलं केव्हा गेलं? वर उघड्यावर वाहणारं पाणी, पुढे बाटलीत इतके दिवस पडून, आणि तेच दोन वर्षांच्या पोटात.

उरलेलं पाणी आता देवघरात आहे. तिथे ते राहू दे, माझी काहीच हरकत नाही. बाळाची वाटी मात्र मी स्वतः उकळलेल्या पाण्याने भरून आलोय.